साहेबांच्या जावयाची संस्था

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरत नाहीये. सरकारी खर्चाने चालणाऱ्या वेल्डिंगच्या अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला आज आम्ही घोटीजवळच्या संस्थेत गेलो. संस्था आमच्या साहेबांच्या जावयाची! तपासणाऱ्याचं संस्थेशी नातं नको, असा स्पष्ट निकष असताना.

यंत्रं नवी कोरी, पण बटण दाबून पाहिलं तर वीजजोडणीच नाही. तिथे शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आम्ही ठिणगी पन पाह्यली नाय."

"सही करा, वीज येईल," साहेब म्हणाले.

"नाही करणार. आणि नातं आहे, तर तुम्हीही करू नका."

जावयाचा चहा घेतला नाही. उद्धटपणा झाला का? झाला तर झाला. नामंजुरीचा अहवाल तिथूनच वर पाठवला.

परत सातपूरच्या ऑफिसपाशी गाडीतून उतरताना साहेब म्हणाले, "बदली होईल तुमची."

म्हटलं, "होऊ दे. तिथेही आधी बटण दाबून बघेन."