भाजी खाल्ल्याची कंदुरी

देगलूर, सोमवार

तीर्थरूप अक्का,

धाकट्या हणमंताचा दंडवत. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? दाजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर आधी बिडीची चौकशी कर.) फोन सोडून पत्र लिहितो आहे, कारण फोनवर बोलायला लागलो की सिंधु शेजारी येऊन बसते.

दिवाळीनंतर डॉक्टरनं रक्तातली चरबी पाहून माझं मटण बंद केलं, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून अंबाडी, चुका, शेपू, तुरीचं वरण आणि ज्वारीची भाकरी. पहिला महिना मी ताटाकडं नापासाच्या निकालाकडं बघावं तसा बघायचो. त्यात आपली लेक समीक्षा लातूरला शेतकी कॉलेजात. सुटीला आली की समजावते, किलोभर मटणामागं केवढा चारा अन् केवढं पाणी जातं, आणि तूर मात्र थोडक्या पाण्यात येऊन वर जमीनही सुधारते. लातुरात राहणाऱ्या पोरीशी पाण्यावरून वाद कोण घालणार? निमूट खात गेलो. आणि खोटं कशाला सांगू, धाप गेली, पोट हलकं झालं, परवाचा रिपोर्टही चांगला आला.

घोळ तिथंच झाला. सिंधु माझ्या नकळत पीरबाबाला नवस बोलली होती, की ह्यांचं मटण सुटून रिपोर्ट चांगला आला तर कंदुरी करीन. म्हणजे मी मटण सोडलं म्हणून बोकड कापायचा, दीडशे माणसांना वाढायचा, आणि प्रसाद म्हणून मीही खायचा! बोकड तेव्हापासूनच दारात आहे. पानं मी खातो, देठ तो. (सहा महिने आम्ही एकाच जुडीवर काढले.) आता त्याच्याकडं बघवत नाही. सिंधुला तसं सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "नवस मोडला अन् तुमाला कायी झालं, तर म्या काय करू?" तीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. मला फार भरून आलं, आणि मी उठून बोकडाला देठं घालायला गेलो.

तुझा,
हणमंत

ता. क. गुरुवारी बोकड घेऊन तुझ्याकडं देवणीला येतो आहे. गोठ्यात जागा ठेव. सिंधुला कळू देऊ नको.

ता. क. तुमच्या गल्लीत गुरुवारी कुणाची तरी कंदुरी आहे म्हणतात, खरं का? सहज विचारलं.

ता. क. अक्का, मी सिंधु. हे पाकीट चिकटवायला भाताची शितं मागायला आले, तेव्हाच ओळखलं अन् पत्र वाचलं. काल दर्ग्यात जाऊन आले. बाबाला म्हटलं, बोकडाऐवजी मलिदा घ्या, अन् रागवायचं तर माझ्यावर रागवा. बोकड गुरुवारी टेम्पोनं येईल. ह्यांना मी तुमच्या गल्लीतली कंदुरी उरकल्यावर, शनिवारी पाठवते. दोघंही मला जिवंत पाहिजेत.