मिठाचे तोडे

प्रिय मोलेफी,

'प्रिय' लिहिलंय ते आईने लहानपणी पत्र लिहायला शिकवलं तेव्हाची सवय म्हणून. त्यात दुसरं काही शोधू नकोस. एके काळी मी शेवटी 'तुझीच' असंही लिहीत असे. ते आज मिळणार नाही.

आधी घरची खबर, कारण तू फोनवर ती विचारली नाहीस. आईचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. दिवसभर रेडिओ मांडीवर घेऊन अंगणात बसते. तुझी मुलाखत तिनेच आधी ऐकली. मी चुलीवर भाजी ढवळत होते, तर हिने हाक मारली, "केदी, पळ, पळ! हा मेला मोलेफी आपल्या पाकोच्या चित्राचं बोलतोय!" मी गेले. तू तुझ्या त्या मऊ, सावकाश आवाजात सांगत होतास. 'मिठाचे तोडे' हे तुझं चित्र राजधानीतलं संग्रहालय कायमचं घेणार, शनिवारी ते भिंतीवर चढणार आणि खाली तुझ्या नावाची पितळी पट्टी बसणार. मग तू सुआच्या मिठाच्या मैदानावर उन्हात दिवसभर कसा उभा होतास ते सांगितलंस. पाणी आटत चाललेलं, फ्लेमिंगोंची पिल्लं दूरच्या ओलीकडे चालत निघालेली, त्यांच्या पायांवर मीठ थरावर थर चढून तोडे झालेले, आणि एकेक पिल्लू त्या वजनाने खाली बसत होतं. एकाला तू उचललंस आणि गारगोटीने ते मीठ फोडून त्याला सोडलंस. मुलाखत घेणारी पोरगी 'अरेरे' म्हणाली. ती गारगोटी माझ्या हातात होती, मोलेफी. पिल्लू मी धरलं होतं. ते माझ्या झग्यावर शिटलं होतं, तेवढं तू वगळलंस. उरलेलं सगळं मीच तुला नंतर सांगितलेलं, शब्दाला शब्द.

माझा भाऊ पाको, तू आणि मी, आपण तिघं त्या खटारा गाडीतून चित्रं काढत किती फिरलो, ते मी नाकारत नाही. बोटेटी नदीच्या काठावर झेब्रे, चोबेला म्हशी, तुलीच्या तांबड्या खडकांवर बिबट्या येईल म्हणून तीन दिवस बसलो आणि शेवटी खडकच रंगवून परत आलो. तू वाईट चित्रकार नव्हतास. तुझे हत्ती चांगले असत, फार तर जरा फुगलेले. पाको म्हणायचा, "मोलेफी, हे हत्ती आहेत की लग्नाला निघालेल्या बायकांच्या बॅगा?" आणि तू म्हणायचास, "तुझा झेब्रा बघ आधी, लेका. पावसात भिजलेला पायजमा." हसून हसून माझ्या हातातली लापशी सांडायची. तू तेव्हा बरोबरीने हसत होतास असं मला वाटायचं. आता वाटतं, तू मनात जमा करत होतास.

सुआवरच्या त्या दिवसाचं सगळं तुला माहीत आहे, फक्त मधलं माहीत नाही. सकाळी तू म्हणालास, चाक बसत चाललंय, नाटा गावाला जाऊन पंक्चर काढून आणतो, दुपारपर्यंत येतो. गेलास आणि दुसऱ्या दिवशी उगवलास, तोंडाला ज्वारीच्या बिअरचा वास. ते जाऊ दे. पण पाण्याचं पिंप गाडीतच राहिलं होतं. आमच्या मुलखात माणूस बायकोला विसरेल पण मिठाच्या मैदानावर उभ्या माणसांचं पाणी घेऊन जाणार नाही. तू गेलास. आमच्याजवळ माझ्या झोळीतली एक बाटली उरली. आणि नेमकी तेव्हा पिल्लांची रांग निघाली. पाकोने कागद पसरला, रंगांची पेटी उघडली आणि माझ्याकडे हात केला, "बाटली." मी म्हटलं, "प्यायला की रंगवायला?" तो म्हणाला, "रंगवायला." मी दिली नाही. तेव्हा त्याने टाचेने खड्डा केला. खालून राखाडी, दाट, खारं पाणी झिरपलं, त्यात त्याने कुंचला बुडवला. मी म्हटलं, "अरे, मीठ आहे ते." तो म्हणाला, "मग मीठच काढतोय ना मी?" कागद वाळला तेव्हा पिल्लांच्या पायांशी बारीक पांढरे कण फुलले होते. त्याने काढलेल्या तोड्यांवर खरे तोडे चढले. पाको त्यातला एक कण जिभेवर ठेवून हसत होता. खाली सही कर म्हटलं, तर म्हणाला, "पक्ष्यांनी कधी केलीय का?"

हे मी तुला कधी सांगितलं नाही. गारगोटीचं सांगितलं, पिल्लाचं सांगितलं, खड्ड्याचं राहिलं. तू बिअर पिऊन आला होतास आणि मला तुझ्याशी फार बोलायचं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

त्याच वर्षी माउनच्या रस्त्यावर गाडीला गाढवं आडवी आली आणि पाको गेला. तू आठवडाभर आमच्या अंगणात होतास. लाकडं फोडलीस, तीन पायांच्या हंड्यात मांस कुटलंस, शनिवारी पहाटे कबरीत माती लोटताना सगळ्यांत जास्त रडलास. आई म्हणाली, "माझा एक गेला, एक राहिला." मग तू तिला म्हणालास, "आई, पाकोची चित्रं माझ्याकडे दे. इथे छप्पर गळतं, नातेवाईक पोरांना होड्या करायला देतील." आईने ती गुंडाळी दोन्ही हातांनी दिली, आपल्यात मान देऊन द्यायची वस्तू देतात तशी. ते दोन हात ती आता रेडिओवर ठेवून बसते आणि म्हणते, "मीच दिली गं." तुझ्यावर माझा राग आहे तो यासाठी सगळ्यात जास्त. चित्र चोरायचं तर चोरायचंस. तिच्या हातून का घेतलंस?

आणि मग गेल्या महिन्यात तुझा फोन. "केदी, जुनं सगळं सोड ना आता. शनिवारी ये, पुढच्या रांगेत बस. लोक विचारतील तेव्हा उठून दोन शब्द बोल, की तू तिथे होतीस, मला काढताना पाहिलंस. त्या दिवसाची तूच एक उरलीस. पाकोलाही आवडलं असतं." मी गप्प होते. त्या गप्प राहण्याला तू होकार समजलास, कारण तुला तसंच सोयीचं असतं. मग फोन ठेवता ठेवता म्हणालास, "आणि केदी, ओलीवर काही उपाय माहीत आहे का गं? ते चित्र दर डिसेंबरात, पाऊस लागला की, खालून भिजतं. छप्पर बदललं, काच बदलली, चौकटवाल्याशी भांडलो. संग्रहालयाचा माणूसही डोकं खाजवतोय. थेंब येतात रे देवा, घाम आल्यासारखे!"

मी हसले नाही. तुझ्या छपरात काही खोट नाही, मोलेफी. मीठ पावसाळ्यात पाणी ओढतं, हे आपल्याकडे शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक असतं. तुझ्या डोक्यात ते आलं नाही, कारण त्या कागदात मीठ आहे हेच तुला माहीत नाही. उलट तू सगळ्या देशाला रेडिओवर सांगून बसलास, "नाटाहून गोड्या पाण्याचं पिंप बरोबर होतं. मी कधीही मातकट पाण्यात कुंचला बुडवत नाही." पिंप होतं, खरंच होतं. तुझ्याबरोबर नाटाला होतं. इतकी वर्षं ते चित्र तुझ्या भिंतीवर घामाघूम होत राहिलं आणि तू एकदाही बोट लावून चाखलं नाहीस. ज्याने काढलं त्याने पहिल्याच दिवशी चाखलं होतं.

हे सगळं मामाला सांगितलं. आपल्याकडे मामाला विचारल्याशिवाय काही करत नाहीत, एवढं तुला अजून आठवत असेल. मी म्हटलं, मी शनिवारी जाते आणि सगळ्यांसमोर बोलते. मामा म्हणाला, "नाही. शेळी चोरणाऱ्याच्यासुद्धा अंगणात आधी जातात, केदी. त्याच्या तोंडावर सांगतात. त्याने ऐकलं नाही तरच गावाच्या सभेत उभं राहायचं. त्याने आपलं खाल्लं म्हणून आपण आपली रीत खायची नाही." म्हणून मी बसने राजधानीत आले. तुझ्या घराला अंगण नाही, उंच भिंत आणि फाटक आहे. फाटकातल्या पेटीतून कुणी बाई बोलली, साहेब कामात आहेत. मी नाव सांगितलं. पेटी खरखरली आणि म्हणाली, "साहेब म्हणतात शनिवारी भेटू." तुझा पहारेकरी भला माणूस आहे. त्याने आपल्या डब्यातलं तळलेलं पिठाचं बोंड मला दिलं आणि म्हणाला, "मावशी, चिठ्ठी लिहा, मी हातात देतो. पण लांबण लावू नका, ते वाचत नाहीत." हे वाचशील असं मला वाटतं.

तर हे पत्र मी तुझ्या फाटकाबाहेर, त्याच्या तिपाईवर बसून लिहिते आहे, आणि हेच तुझं अंगण समज. मी आले, तुझ्या दारात बसले आणि जे सांगायचं ते तुला आधी सांगितलं. रीत झाली. चित्र आता संग्रहालयात कुलपात आहे, तेव्हा ते धुवायचा विचार सोड. धुतलंस तर मिठाबरोबर पिल्लंही जातील. शनिवारी मी पुढच्या रांगेत बसेन, शेजारी आई असेल. तू स्वतः उठून पाकोचं नाव घेतलंस, तर मी बसून राहीन, आणि आईला सांगेन की तिचे हात चुकले नव्हते. नाही उठलास तर तूच बोलावलेली साक्षीदार उठेल. मी जास्त बोलणार नाही. काच काढा म्हणेन, आणि या पावसाळ्यात पिल्लांच्या पायांशी आलेला एक थेंब सगळ्यांत आधी तुझ्या जिभेवर ठेवायला सांगेन.

पाकोचीच,
केदिबोन्ये