कपाटामागचा निळा

द्वारका, दिल्ली
९ मार्च २०२५

चि. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

सवयीने आधी 'चि. सौ.' लिहिलं होतं, तो कागद फाडला.

आम्ही दोघं ठीक. प्रभाचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. मुनिरक्याच्या तुझ्या भाड्याच्या खोलीत पाणी वेळेवर येतं ना? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर मी 'बरी आहेस ना' म्हणून ठेवून देतो. चार वर्षांच्या सूनपणात तू ते पाहिलंच आहेस.

बातमी अशी, की तुमची खोली रंगवून घेतली. तुझाच तो जांभळट निळा. पेंटर म्हणाला, "अंकल, इतना गहरा? दिन में भी लाइट जलानी पड़ेगी." म्हटलं, जला लेंगे. पहिल्या हातानंतर भिंतींना मुका मार लागल्यासारखं दिसत होतं. प्रभा म्हणाली, "अहो, बिल्कुल बिघडवलीत खोली." दुसऱ्या हातानंतर तिने पांढरे पडदे काढून आणले. सकाळी रंग निळा असतो, दिवा लागला की पिकल्या जांभळाच्या सालीसारखा दिसतो.

शेड कशी मिळाली ते सांगतो. जानेवारीत चिन्मय सामान घेऊन गुडगावला राहायला गेला, तेव्हा लोखंडी कपाट हलवलं. मागे तुझा रंग तसाच होता. एकटीला ते कपाट हललं नसणार. एक पोपडा काढला आणि दुकानात दाखवला.

दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात, आम्ही तिघं पुण्याला लग्नाला गेलो असताना तू घर सोडलंस. परत आलो तर खोली क्रीम रंगाची, फरशीवर एक थेंब नाही. प्रभा म्हणाली, "जाता जाता रंग कशाला काढला हिने?" मला ठाऊक होतं. सांगितलं नाही.

माझी तीस वर्षं सरकारी क्वार्टरांत गेली. खिळा ठोकतानाही क्वार्टर परत करायचा दिवस डोळ्यांपुढे. हा फ्लॅट स्वतःचा, तरी खोड जाईना. तू रंगाचा डबा आणलास तेव्हा मी म्हणालो, "काढ रंग, पण जाताना पूर्ववत करून द्यावं लागेल." चिन्मय हसला. तू हसली नाहीस. घरात येऊन तुला तीन महिने झाले होते.

चेष्टा होती, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण चिन्मय तुझ्यावर ओरडायचा तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचो, ती चेष्टा नव्हती. मला सगळं ऐकू यायचं. मध्ये पडलो तर मुलगा तुटेल, अशी भीती वाटायची. त्या भीतीपायी तुला एकटं पाडलं. याची मला लाज वाटते, स्वरूपा.

त्याच्याकडे परत जा, असं म्हणत नाही. घटस्फोट झाला, बरं झालं. पण या घरी ये. रविवारी जेवायला ये, नाहीतर थीसिस लिहायला महिनाभर राहा. चिन्मयला मी सांगून टाकलं आहे, की तू इथे असशील तेव्हा त्याने आधी तुला विचारायचं आणि तू हो म्हणालीस तरच यायचं. तो रागावला, होळीलाही येणार नाही म्हणतो. प्रभा रडली. मी शब्द फिरवलेला नाही.

कोर्टाने सासरेपण काढून घेतलेला,
पण तुझाच,
अण्णा