आजूरचा कागद

चाचा, परवा मला राज्यशास्त्रातल्या संशोधनासाठीचा पुरस्कार मिळाला. तोही त्याच पुस्तकाला, ज्यासाठी तुम्ही उस्मानपुऱ्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात बसवून मला निजामी दफ्तराची उर्दू वाचायला शिकवलंत. तुम्ही रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले कारकून. मी पडेगावच्याही पलीकडच्या मेंढपाळाच्या घरातली, विद्यापीठात जाते म्हणून उगाच ताठ चालणारी. चाची खिचडी-खट्टा वाढायच्या आणि जेवून उठल्यावर तुम्ही मला दोनदा हात धुवायला लावायचात. तेलाचा डाग पडलेला कागद तुम्हाला बघवत नसे.

त्या दफ्तरात आमच्याच गावचा एक कागद होता. पाटलाला न विचारता गावानं आपले पंच निवडले, असा. एके दुपारी तुम्ही माझ्या टाइप केलेल्या प्रबंधाचं पान पुढं सरकवलंत. "बेटी, हा कागद आजूरचा. निजामाचं फसली साल आजूर महिन्यालाच बदलतं, म्हणजे ऑक्टोबरात. तू सगळ्या महिन्यांना एकच आकडा मिळवून इंग्रजी सन काढला. एक वर्ष चुकलं."

"एका वर्षानं काय बिघडतं?" मी म्हणाले.

तुम्ही चष्मा काढला. "मधी अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरातलं पोलीस ॲक्शन येतं ना. निजाम असताना गावानं पंच बसवले, अन् तू लिहिती फौज आल्यावर बसवले. उन लोगां की हिम्मत कायकू मिटाती?"

मला राग आला. अख्खं प्रकरण त्या सनावर उभं होतं. "बघते," म्हणाले आणि बघितलं नाही. महिनाभरात तुम्ही गेलात. पुस्तक तसंच छापलं आणि गंमत म्हणजे त्याच प्रकरणाची वाहवा झाली. आजूर कधी येतो, हे वाहवा करणाऱ्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग पुरस्काराचं पत्र आलं. आठवडाभर ते फ्रिजवर पडून होतं. मग मी समितीला सगळं कळवलं: प्रकरण चुकलंय, चूक दाखवणारे तुम्ही, दाबणारी मी, आता काय ते ठरवा. चार दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. "सुधारून छापा, आणि समारंभात हे स्वतः सांगा." सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. नंतर आमच्या गावचा एक म्हातारा जवळ आला. "आमचा बाप सांगायचा, फौज यायच्या आधीच बसले व्हते पंच. आमाला वाटलं, पुस्तकातलंच खरं असंल." मी त्याचे हात धरले. पुंडलिकनगरला घरी येताना इतकं हलकं वाटत होतं, की रिक्षावाल्याशी वाटभर उगाच बडबडत आले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहून ठेवते. तुम्ही गेलात तेव्हा मी चाचींच्या गळ्यात पडून रडले, ते रडणं खरं होतं. पण त्याआधी, तुमच्या दारात चपला काढताना मनात आलं होतं, की आता ती चूक माहीत असलेलं कुणी उरलं नाही. आणि चाचा, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.