डायल न फिरवता

प्रिय टिटवे,

हे नाव तुला ट्रंक बोर्डावर मीच चिकटवलं, तेव्हा ते वापरायचा हक्क अजून माझ्याकडे आहे असं धरून चालते. एवढ्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंपालटं करून बघितलं असशील. माझी लिहायची पद्धत तुला ठाऊक आहे: आधी मंगलाचरण, मग प्रस्तावना, मग जमलं तर विषय. या वेळी मंगलाचरण गाळते. फक्त एक आधीच सांगून ठेवते. या पत्रात तुझी आई येणार आहे. तिला वगळून ही हकीकत लिहायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, बरेच कागद फाडले, जमलं नाही. तेव्हा तिचा उल्लेख आला की पत्र मिटून फळीवर टाकू नकोस. एवढं ऐक माझं.

गेल्या रविवारी आपलं एक्सचेंज गेलं. म्हणजे इमारत जागेवर आहे, जिन्याची तिसरी पायरी अजून तशीच डगमगते, पण खालच्या हॉलमधला आपला बोर्ड आता नुसतं लाकूड आहे. त्याच्या जागी वरच्या मजल्यावर स्वयंचलित यंत्र बसलंय. आजवर गावात कोणी रिसीव्हर उचलला की आपल्यासमोर दिवा लागायचा, आपण कॉर्ड खुपसून ‘नंबर?’ विचारायचो, आणि नंबर सांगायचे कष्ट कोणीही घ्यायचं नाही. ‘डॉक्टरकडे दे.’ ‘माझ्या मेव्हण्याला लाव, पण तो नसेल तर बहिणीला नको.’ आता ज्याचं त्याने डायल फिरवायचं. निम्म्या मुली घरी बसल्या, काही बिलाच्या खिडकीवर गेल्या. परगावचे ट्रंककॉल अजून हातानेच जोडावे लागतात म्हणून मी उरले. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर ताडासारखा उंच आणि इतका लाजाळू, की आम्हा बायकांशी बोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. तो सांगत होता, कुठल्याशा विद्यापीठात म्हणे दोन गणकयंत्रं टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलली. मी विचारलं, काय बोलली? तर म्हणे, काही अक्षरं गेली आणि मग बंद पडली. म्हटलं, अरे, आमच्यातली नवी मुलगीसुद्धा पहिल्या दिवशी याहून बरं बोलायची.

यंत्र सुरू होण्याआधी घरोघर जाऊन डायल कसं फिरवायचं ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्या गावाने ते हसतखेळत शिकून घेतलं. अडलं ते एका घरी. तुझी आई, शाळेत आपल्याला संस्कृत शिकवणारी बाई, आता जिन्याखालच्या दोन खोल्यांतच राहते, वरचा मजला बंद करून टाकलाय. छातीचं दुखणं आहे, हातात काठी आहे, सोबतीला कोणी ठेवायचं म्हटलं की शाळा तपासायला आल्यासारखी त्या बाईची उलटतपासणी घेते. ती बाई दुसऱ्या दिवशी येतच नाही. मी फोन मांडीवर घेऊन सांगायला लागले, तर म्हणाली, “मी मुलींना शिकवलं ते बोलायला. बोटं फिरवायला नाही. मी रिसीव्हर उचलीन आणि बोलेन. ऐकायला कोणी बसवायचं की नाही, ते तुमच्या खात्याने बघावं.” मी म्हटलं, बाई, तिथे माणूसच नसेल, नुसता घूंऽऽ आवाज येईल, निर्गुण निराकार, त्याला काहीही सांगा, तो अलिप्त. एरवी असल्या वाक्याला ती हसली असती. म्हणाली, “नीघ आता. चहा हवा असेल तर करून घे.” मी चहा करून घेतला आणि निघाले, पण एकटं दुखणाईत माणूस आणि जवळ असा फोन, की ज्यावरून ते कोणालाच हाक मारणार नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना.

आणि खरं सांगू? ती का शिकत नव्हती, याची मला अंधुक कल्पना होती. गिरणीला आग लागली त्या दिवशी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटलेले, आणि तू बंबवाले, इस्पितळ, गिरणीचा मालक, कामगारांच्या घरच्या बायका, सगळ्यांना जोडत होतीस. त्यात वडिलांसाठी मदत मागणारा तुझ्या घरचा दिवा कधी लागला आणि कधी विझला, ते तुलाही कळलं नाही आणि मलाही. वडील गेल्यावर दारात, गावासमोर, तुझी आई जे बोलली तेही मी ऐकलं: “सगळ्या गावाला आवाज दिलास, बापाला सोडून.” तू बदली मागून घेतलीस. मी त्या वाक्याची वकिली करायला बसलेले नाही. त्याला टीकाकार नको आणि भाष्यही नको.

तर रविवार. दुपारी जेवणं उरकून गाव लवंडतं, फोन कमी येतात, म्हणून ती वेळ निवडली होती. नव्या यंत्रात प्रत्येक लाइनच्या जोडावर एकेक लाकडी खुंटी मारून ठेवलेली, आणि त्या खुंट्या ओळीओळीने दोरीत ओवलेल्या. शिट्टी झाली की वर माणसांनी दोऱ्या ओढायच्या, खुंट्या गळून पडतील, यंत्र जागं होईल. त्याच क्षणी खाली करवती, कात्र्या घेतलेल्या माणसांनी जुन्या केबल कापायच्या. मागे फिरायची सोय नाही. आपल्या बोर्डाच्या केबल कापताना जो आवाज झाला तो मी तुला लिहिणार नाही. वर मात्र खुंट्यांचा सडा पडला आणि सगळं यंत्र टिकटिकत उठलं.

उठलं, आणि दिव्यांनी भरून गेलं. कारण गावातल्या प्रत्येकाने फोन चालतो का ते बघायला एकाच वेळी रिसीव्हर उचलला! इंजिनिअरच्या कपाळावर घाम. हळूहळू लोकांचं समाधान झालं, दिवे विझत गेले. शेवटी एका ओळीत चार-पाच उरले. मी विचारलं, हे काय? घड्याळाकडे बघत तो म्हणाला, रिसीव्हर उचललाय, पण डायल फिरवलेलं नाही. बहुतेक नीट ठेवला नसेल. अशी लाइन यंत्र थोड्या वेळाने आपणहून बाजूला टाकतं, म्हणजे ती अडून राहत नाही. मी म्हटलं, बाजूला टाकतं म्हणजे? मग तिथला माणूस बोलला तर? तो म्हणाला, “ऐकणारं कोणी नसतंच ना.”

नंबर सगळे नवे. जुन्या नंबरावरून मी तुला अख्खा गाव म्हणून दाखवला असता, पण या आकड्यांवरून मला काहीच उमगेना, आणि कुठला जुना नंबर कुठे गेला त्याचा तक्ता खाली साहेबांच्या टेबलावर. मी म्हटलं, एकेक लाइन ऐकून बघता येईल का? येतं म्हणाला, तपासणीच्या टेबलावरून. पहिली लावली, तर शिलाई मशीनची खडखड. आपले शिंपीमामा, रिसीव्हर कापडाच्या ढिगात पुरून निवांत. दुसरीवर दोन पोरं यंत्राला जीभ काढून दाखवत असावीत, तसे आवाज. तिसरीवर कोणी घोरत होतं. चौथी लावली आणि इंजिनिअरने पहिल्यांदाच घड्याळ सोडून माझ्याकडे पाहिलं. हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“...आहात का कोणी? मी मघापासून बोलतेय.” असा बारीक, वर्गात मागच्या बाकालाही ऐकू जाणारा, पण आता धाप लागलेला आवाज. मी म्हटलं, बाई, मी, पंडितीण. तर म्हणते, “कुठे उलथल्या होतात सगळ्या? नुसतं घूं घूं करताय.” काय झालं, विचारलं. स्टुलावरून पडली होती. पाय हलत नव्हता. काठीने फोनची वायर ओढून फोन जमिनीवर पाडला आणि रिसीव्हर कानाशी घेऊन नेहमीसारखी बोलत राहिली, त्या निर्गुणाशी. छातीत दुखतंय का, विचारलं. “दुखतंय. ते राहू दे. ट्रंक लाव.” मी म्हटलं, कुठे? “कुठे काय विचारतेस? माझ्या लेकीला.”

डॉक्टर नाही, शेजारी नाही. टिटवे, तिने पडल्यापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं.

दाराला आतून कडी. इंजिनिअर जीप घेऊन निघाला, बरोबर दोन लाइनमन आणि पहार. वाटेत डॉक्टरांना उचलणार. मी टेबलावर राहिले, तिला जागं ठेवायला. काय बोलावं? घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा असतो, पण तुझ्या आईला धीर दिला तर ती चिडते. मग मी तेच केलं जे शाळेत मला सगळ्यात चांगलं जमायचं: चुका. म्हटलं, बाई, मी ‘नदी’ चालवून दाखवते, बघा आठवतंय का. नदी, नद्यौ, नद्यः. नदीम्, नद्यौ, नद्यः. लगेच, “चूक. नदीः.” जीव भांड्यात पडला. तृतीया नीट म्हटली. चतुर्थीला बिनदिक्कत ‘नद्याय’ ठोकलं. “नद्याय? कोणी शिकवलं तुला?” मी म्हटलं, तुम्हीच. “मग मला नोकरीवरून काढायला हवं होतं.” पण ‘नोकरी’ आणि ‘वरून’च्या मध्ये एक मोठा श्वास गेला. पंचमीची चूक तिने नुसत्या ‘अंहं’ने पकडली. षष्ठीला मी इतकं धडधडीत चुकीचं म्हटलं की पहिलीतलं पोर हसलं असतं. काही नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. काही नाही. यंत्र माझ्या पाठीमागे आपलं टिकटिकत होतं, लोक एकमेकांना डायल करून आनंदाने ‘लागला, लागला’ म्हणत असतील, आणि माझ्या कानात फक्त फरशीवर पडलेल्या रिसीव्हरची पोकळी. मी बाई, बाई करत राहिले. मग लांबून पहारीचा आवाज आला, लाकूड फुटल्याचा, पळती पावलं. कोणीतरी रिसीव्हर उचलला. इंजिनिअर होता. म्हणाला, “आहेत. श्वास आहे.” आणि तो लाजाळू माणूस टेलिफोनवर रडायला लागला. मी पण.

आता इस्पितळात आहे. खुब्याचं हाड मोडलंय, हृदय अशक्त आहे. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, “लागला का?” मी ट्रंक बोर्डावर जाऊन तुला लावला. तुझ्या एक्सचेंजमधल्या मुलीने सांगितलं, आमच्या बाई, म्हणजे तू, त्या गावचा कॉल घेत नाहीत. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तू म्हणशील, निरोप का ठेवला नाहीस, तार का केली नाहीस. कारण तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय: “माझ्या पायाचं सांगायचं नाही. हाड मोडलं म्हणून धावत आलेली लेक मला नको. नुसता फोन लाव. घेतला तर घेतला.” काय बोलायचंय, तेही मला सांगत नाही. “ते तुझ्यासाठी नाही,” म्हणते. म्हणून रोज संध्याकाळी मी तिच्या खाटेपाशी जाते आणि सांगते, बाई, लाइन बिझी आहे. ती मान हलवते. तिच्या हाताखाली आपण दोघी शिकलो. मी खोटं बोलतेय हे तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार.

हाड आपोआप जुळणार नाही. ऑपरेशन परवा सकाळी. सर्जन म्हणतात, केलं नाही तर ती उठणार नाही, आणि केलं तर त्या हृदयाची खात्री ते देत नाहीत. म्हणून मी दिलेला शब्द या पत्रात मोडला. त्याचं प्रायश्चित्त ती बरी झाली तर स्वतःच देईल आणि मी आनंदाने घेईन. पोस्टावर विसंबायला वेळ नव्हता. ज्याने तुला हे पाकीट दिलं तो उंच माणूस आमचा इंजिनिअर. मी त्याला धाडलेलं नाही, तोच म्हणाला, मी जातो. तू वाचत असताना तो दाराबाहेर जिन्यात उभा असेल, बहुधा छताकडे बघत. त्याला सांगून ठेवलंय, बेल पुन्हा वाजवायची नाही, घाई करायची नाही, पण उत्तर मिळाल्याशिवाय हलायचंही नाही. खाली जीप आहे. तिला माफ कर असं मी लिहिणार नाही, तो तुमच्या दोघींचा प्रश्न. येणार नसलीस तर तसं दार उघडून त्याला तोंडाने सांग. आज संध्याकाळी ती पुन्हा विचारेल, लागला का. आणि लाइन बिझी आहे हे तिच्या तोंडावर मला आता आणखी एकदा सांगवणार नाही.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच,
पंडितीण