बॅकग्राउंडला गेलेल्या सासूबाई

अगं,

टीव्हीमागे चादरीत गुंडाळलेली फ्रेम आहे. तू येईपर्यंत शेजारच्या वहिनी परतल्या असतील, ती आधी त्यांच्याकडे लपवून ये. आई आतल्या खोलीत झोपल्या आहेत, त्यांनी ती पाहता कामा नये. मी फोटोवाल्याकडे धावतोय.

झालं काय, त्यांच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दोरीवर माझे बनियन वाळत होते. ते घालवायला मी ती बॅकग्राउंड काढणारी फुकटची साइट वापरली. दुकानाच्या जाहिराती मी तिच्यावरच करतो. आजवर मिक्सरला धक्का न लावता मागचं सगळं साफ केलंय तिने. पण आई आपल्या खुर्च्यांमागे उभ्या होत्या ना! साइटने बनियनांबरोबर त्यांनाही साफ केलं. आपण दोघं ठसठशीत, आणि माझ्या खांद्यावर त्यांचा नुसता हात. खाली सोनेरी अक्षरांत 'आमची लाडकी आई'. अक्षरंही एका साइटवरूनच घेतली, ती मात्र छान आली आहेत.

तू म्हणालीच होतीस, नीट बघून छापायला दे. त्यावर आपण नंतर बोलू. शक्यतो नकोच बोलायला.

आई उठल्या तर चहा दे आणि गप्पांत गुंतव.

तुझाच

जावईबापू, चहा करायला उठले तर फ्रिजवर ही चिठ्ठी दिसली. फ्रेम मी टीव्हीच्या वर लावून टाकली आहे, आता काढू नका. बनियन गेले ते बरंच झालं. हात मात्र आहे तिथेच राहू द्या, तुमचा कान तिथून जवळ पडतो.