बिननावाची घागर

रनाळे, ता. नंदुरबार
१० जानेवारी १९४३

चि. भिला यास दोधूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बरेच दिवस तुझं पत्र नाही. माय रोज टपालवाल्याला अडवते, मन्हा भिला कव्हय येई म्हणून विचारते; तो बिचारा आता आमची गल्लीच टाळतो. तुझी वहिनी म्हणते, भावजींना तिकडे गोरी मडम भेटली असेल, मग आमची आठवण कशाला! चेष्टा राहू दे. बरा आहेस एवढं लिही, आणि सुट्टी कधी तेही. आमचा जीव तुझ्यापाशी अडकलाय, हे जाणून असावे.

तुझा दादा


लष्करी टपाल
२५ फेब्रुवारी १९४३

तीर्थस्वरूप दादांस, भिलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हातपाय शाबूत आहेत, मायला एवढंच सांगा. पुढचं तुम्ही एकट्यानेच वाचा.

वाळवंटात लढाई पांगली तेव्हा मी आणि शत्रूचा एक शिपाई एकाच खड्ड्यात सापडलो. त्याच्या पोटात गोळी होती. माझ्या बाटलीत पाणी होतं. त्याने ओठांवर बोट ठेवून मागितलं. पाणी मागितलेलं कुठल्याही मुलखात कळतं, दादा. मी दिलं नाही. आपली माणसं येतील याचा भरवसा नव्हता, हे खरं. पण ती आली तेव्हा बाटली अर्धी होती. त्याच्यासमोर मी घोट घोट प्यालो, आणि तो बघत बघत गेला. साहेबांनी शाबासकी दिली. गोळ्या पुष्कळ झाडल्या, त्याचं काही वाटत नाही. हे मात्र सोडत नाही. पाणी पिताना ठसका लागतो, आणि डॉक्टर म्हणतात घसा चांगला आहे.

विनंती एकच. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, वारलेल्या आप्पांच्या नावाने घागर भराल, तिच्या शेजारी एक त्याचीही भरा. नाव मला ठाऊक नाही. एवढं झालं तरच मला घरी येऊन मायच्या हातचं पाणी पिता येईल. नाही म्हणू नका. मोठ्या मनाने पदरात घ्यावे.

आपला भिला


रनाळे
१२ मे १९४३

चि. भिला यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र एकट्यानेच वाचलं. अरे वेड्या, लढाईत कोण कुणाला पाणी पाजतं? तू जगलास, झालं तर! तरी तुझ्या शब्दाखातर नवी घागर आणली, पाटावर मांडली. पूजा सांगायला आलेल्या महाराजांनी विचारलं, ही कोणाची? मी हळदकुंकू पुढे केलं. शेवटी मायला सांगावंच लागलं. ती म्हणाली, आपले पितर येतात, जेवतात, परत जातात. परक्याला बोलावलं तर तो इथेच ठाण मांडेल, आणि घरात लेकरंबाळं आहेत. तिने घागर उचलून अंगणात पालथी केली. भांडलो रे मी, पण मायपुढे कोणाचं चाललंय!

रागावू नकोस. सुट्टी मंजूर झाल्याचं तुझं कार्ड मिळालं. गाडी जुंपून नंदुरबार स्टेशनवर येतो. घरी आलास की सगळं विसरशील. ये बाबा लवकर, वाटेकडे डोळे लागलेत.

तुझा दादा


लष्करी टपाल
२ जुलै १९४३

तीर्थस्वरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी रागावलो नाही. रडलो मात्र खूप. मायचं काही चुकलं नाही; न बघता तिने त्याला बरोबर ओळखलं.

सुट्टीचा कागद मी परत केला. गाडी जुंपू नका. मायला सांगा, सुट्टीच मिळाली नाही.

तो माझ्याबरोबर जेवायला बसतो, शेजारी निजतो. मी उंबरा ओलांडला की तोही ओलांडणार. मायने ज्याला अंगणातून परतवून लावलं, त्याला मी हाताला धरून लेकरांत कसा आणू, दादा? माया राहू द्या, वाट मात्र पाहू नका.

आपला भिला